गिटारवर आज काय वाजवायचं?
रोज गिटार घेतली की येणारीच गाणी वाजवून उठायचो. एकदा फोनवर रेकॉर्ड करून ऐकलं, तर सी कॉर्डवरून (कॉर्ड म्हणजे एकत्र वाजवलेले स्वर) एफ बार कॉर्डवर, म्हणजे तर्जनी सगळ्या तारांवर आडवी ठेवून धरायच्या कॉर्डवर, जाताना दर वेळी ताल तुटत होता. मग सराव तेवढाच ठरवला.

एफमध्ये तर्जनीला खरं तर सहावी, दुसरी आणि पहिली तारच दाबायची असते, बाकीच्या इतर बोटांकडे. हे कळल्यावर उगाच लावलेला जोर कमी झाला. नटजवळ (मानेच्या टोकाला तारा टेकतात ती पट्टी) तार कडक लागते, म्हणून तोच आकार आधी पाचव्या फ्रेटवर (मानेवरच्या आडव्या पट्ट्यांमधल्या पाचव्या घरात) बसवला (तिथे तो ए मेजर होतो), मग एकेक फ्रेट मागे आलो. मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र) मिनिटाला ६० ठोक्यांवर, चार ठोक्यांना एक कॉर्ड, रोज १० मिनिटं.

तीन आठवड्यांनी एफ स्वच्छ वाजला. आता दर रविवारी रेकॉर्डिंग ऐकतो. जिथे अडखळतो, तेच आठवडाभर घेतो.