मळभातला बगळा आणि ढगांआडचा चंद्र

शरद म्हटलं की निरभ्र आकाश आणि टिपूर चांदणं डोळ्यांसमोर येतं. मला मात्र त्याच ऋतूतले मळभाचे दिवस प्यारे आहेत. पांढऱ्या बगळ्याचे मला साधलेले चांगले फोटो जवळजवळ सगळे अशाच दिवसांतले. लख्ख उन्हात त्याची पाठ म्हणजे नुसता पांढरा डाग होतो. ढगांतून गाळून आलेल्या उजेडात पिसान् पीस वेगळं दिसतं, आणि सावल्या बोचऱ्या नसल्यामुळे भर दुपारीही काम करता येतं.

अडचण उजेड मोजण्याची आहे. कॅमेऱ्याचा मीटर समोरचं सगळं मध्यम करडं आहे असं धरून चालतो. ढगाळ आभाळासमोरून पाणकावळा उडाला की मीटर आभाळाचा उजेड मोजतो आणि पक्षी कोळशासारखा येतो. अशा वेळी मी एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे मीटरच्या हिशेबात आपण केलेली वाढ-घट, +१ पासून (म्हणजे दुप्पट उजेड) सुरू करते, गरज पडली तर +१.७ पर्यंत नेते. गडद पाण्यावर पांढरा बगळा असेल तर उलट, −०.७. मग हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतला गडद ते उजळ भाग दाखवणारा आलेख, बघायचा. तो उजव्या, उजळ कडेला जाऊन टेकला असेल तर पिसांतला तपशील गेला असं समजा. नुसत्या स्क्रीनवर विसंबू नका, अंधारून आलेलं असताना स्क्रीन आहे त्याहून उजळ भासते.

उजेड कमी आहे म्हणून शटर मंद करण्याचा मोह होतो. मी त्याऐवजी आयएसओ, म्हणजे सेन्सरची उजेडाला संवेदनशीलता, वाढवते, १६०० किंवा ३२०० सुद्धा. त्याने येणारा नॉइज, म्हणजे फोटोतले रवाळ ठिपके, नंतर कमी करता येतो, हललेला डोळा परत आणता येत नाही. स्तब्ध उभा राखी बगळा १/२५० सेकंदाच्या शटरला मिळतो, पोहणाऱ्या टिबुकलीला (छोटा पाणपक्षी) १/५०० लागतं, उडणाऱ्या बदकांना निदान १/१६००. फोटो रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये, काढा, म्हणजे ढगाळ उजेडाची निळसर झाक नंतर सहज काढता येते.

करड्या दिवशी आभाळ आणि पाणी दोन्ही दुधाळ दिसतात. म्हणून मी आधी पाण्यातला रंग शोधते. काठावर पिवळं-तांबूस पडलेलं झाड असेल तर त्याचं प्रतिबिंब जिथे पडतं, तिथेच समोर बसायचं आणि वारकरी हा काळा पाणपक्षी पोहत त्या रंगात येईपर्यंत थांबायचं. कॅमेरा पाण्याच्या पातळीजवळ, बीनबॅगवर (टेकू म्हणून वापरायची दाणे भरलेली पिशवी). पक्ष्याच्या डोळ्याच्या उंचीवरून काढलेला फोटो आणि उभ्याने काढलेला फोटो यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो.

पक्ष्याच्या मागे जाऊ नका. बगळ्याने मान ताणून ताठ केली की तो तुमच्यामुळे अस्वस्थ झालाय. एकदा ही खूण दिसूनही मी दोन पावलं पुढे टाकली. बगळा उडाला, पाठोपाठ काठावरची सगळी बदकं उठली, आणि त्यांचं खाणं माझ्यामुळे मोडलं. तेव्हापासून मी बसून राहते. तासाभरात पक्षी बहुधा आपणहून जवळ येतात.

आता चंद्र. रात्र असली तरी चंद्र म्हणजे उन्हात पडलेला खडक आहे, हे ध्यानात ठेवलं की सेटिंग सोपं होतं. मॅन्युअल मोडवर पूर्ण चंद्राला लेन्सचं छिद्र एफ/११, आणि शटर आयएसओच्या आकड्याइतकं: आयएसओ २०० ला १/२००. पातळ ढगाआडून एक-दोन स्टॉप वाढवा (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड), अर्ध्या चंद्रालाही तितकेच. मला अर्धा चंद्रच जास्त आवडतो. उजेड-अंधाराच्या सीमेवर विवरांच्या सावल्या लांब पडतात, पौर्णिमेला तो सपाट दिसतो. शिवाय शुक्ल पक्षातला अर्धा चंद्र दुपारीच उगवलेला असतो, म्हणजे पक्ष्यांच्या वेळेतच हाताशी येतो.

पक्षी आणि चंद्र एकाच चौकटीत हवे असतील तर पक्षी दूरचा हवा. फुल फ्रेम (३५ मिमी फिल्मएवढा सेन्सर असलेल्या) कॅमेऱ्यावर ४०० मिमी लेन्स, एफ/८ आणि फोकस चंद्रावर असेल तर साधारण ६७० मीटरच्या पलीकडचंच धारदार येतं. त्यामुळे काठावरचा बगळा सोडा आणि संध्याकाळी रातथाऱ्याकडे परतणारे थवे धरा. पौर्णिमेच्या आदल्या दिवशी चंद्र बहुधा सूर्यास्ताआधीच वर येतो. तेव्हा आभाळात उजेड शिल्लक असतो आणि दोन्ही एका एक्स्पोजरमध्ये बसतात.

ढगांतली फट वाऱ्याबरोबर कुठे सरकतेय ते बघत राहा. चंद्र एकदा दिसला की फोकस लावून मॅन्युअलवर ठेवा, कारण ढग आडवा आला की ऑटोफोकस भरकटतो. पुढची फट कधी कधी अर्ध्या मिनिटाचीच असते. तेवढ्यात मी एकेका स्टॉपच्या अंतराने तीन फोटो काढते, आणि चंद्र झाकला की पुन्हा पाण्याकडे वळते.