रिमोटवरची बगी खरी वाटावी म्हणून: मापं, उभं राहणं, चाल आणि मग रंग

ऑफ-रोड बगी हुबेहूब करायची म्हटलं की बहुतेकांचा हात आधी स्टिकरच्या पानाकडे जातो. खरं तर तो शेवटचा भाग आहे. फोटोतली बगी खेळण्यातली आहे हे डोळ्याला कळतं ते चाकांच्या आकारावरून, ती जमिनीपासून किती उंच उभी आहे यावरून आणि स्क्रूच्या डोक्यांवरून. व्हिडिओत ते कळतं तिच्या उड्या मारण्याच्या घाईवरून. म्हणून कामाचा क्रम असा ठेवा: मापं, चाकं, सस्पेन्शन, वेग, पिंजरा आणि चालक, आणि त्यानंतर रंग व धूळ.

एकच खरी गाडी निवडा आणि मोजा

‘वाळवंटातली बगी’ एवढं ठरवून भागत नाही. फोक्सवॅगन बीटलवरून केलेली बाहा बग, छोट्या फायबरग्लास बॉडीची मेयर्स मँक्स, नळ्यांचा नुसता सांगाडा असलेली सँड रेल, की शर्यतीची रुंद, लांब सस्पेन्शनची बगी? या चारही गाड्यांची प्रमाणं वेगळी आहेत. एक निवडा आणि तिचे बाजूने, समोरून व मागून काढलेले फोटो जमवा.

आता व्हीलबेस बघा, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यांमधलं अंतर. बीटलचा व्हीलबेस २,४०० मिमी आहे, तेव्हा १:१० प्रमाणात तो २४० मिमी हवा. ब्रूस मेयर्स यांनी मँक्ससाठी बीटलचा तळ सुमारे ३६ सेंमीने कापून आखूड केला होता, म्हणून तिथे २०४ मिमीच्या आसपास यायला हवं. हातातल्या चासीचा (चाकं आणि मोटर धरणाऱ्या सांगाड्याचा) व्हीलबेस २७५ मिमी असेल आणि वर बीटलची बॉडी बसवायची असेल, तर ती चासी प्रत्यक्षात १:८.७ ची झाली. डब्यावर १:१० छापलेलं असलं तरी यापुढचं प्रत्येक माप ८.७ नेच भागायचं, नाहीतर चालक, दिवे आणि टायर यांचा एकमेकांशी मेळ बसत नाही.

रुंदीचीही हीच गत. शर्यतीच्या १:१० बग्या २५० मिमीपर्यंत रुंद असतात आणि बीटल जेमतेम १५५ मिमी भरते. अशा चासीवर बीटल बसवली तर चाकं बॉडीबाहेर पसरलेली दिसतात. तिच्यावर दोन मीटरहून रुंद असलेली शर्यतीची वाळवंटी बगीच शोभते. चासीशी भांडण्यापेक्षा चासीला साजेशी गाडी निवडणं स्वस्त पडतं.

चाकं: निम्मं काम इथेच होतं

शर्यतीच्या १:१० बगीला २.२ इंची रिम असते. दहाने गुणलं की २२ इंची रिम झाली, आणि तिच्यावर पातळ कडेचा टायर. खऱ्या वाळवंटी गाड्या १५ किंवा १७ इंची रिम वापरतात, कारण दगडाचा मार टायरची उंच कड सोसते. म्हणून १.५५ किंवा १.७ इंची रिम घ्या. दगडांवर चढणाऱ्या क्रॉलर मॉडेलसाठी १.५५ च्या रिम सहज मिळतात आणि बहुतेकींना १२ मिमीचा षटकोनी हब (चाक ज्यावर बसतं तो तुकडा) चालतो. टायरचा बाहेरचा व्यास मात्र फारसा बदलायचा नाही. खरा ३३ इंची टायर ८३८ मिमीचा, म्हणजे तुमचा ८४ मिमीचा. बाहा बगला मागे ७६ ते ७९ मिमी पुरे, आणि पुढचे टायर मागच्यांपेक्षा अरुंद व थोडे लहान हवेत.

रिम बदलताना दोन गोष्टी हमखास बिघडतात. पहिली, रिम लहान झाल्यावर स्टिअरिंगचा नकल (चाकासोबत वळणारा सांधा) किंवा खालचा बॉलजॉइंट तिच्या आतल्या कडेला घासतो. टायर चिकटवण्याआधी कोरी रिम बसवून स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवून पाहा. घासत असेल तर २ ते ३ मिमी जाडीचा हब स्पेसर घाला, पण त्याने रुंदी वाढते हे मापात धरा. दुसरी, जुन्या धाटणीच्या टू-व्हील ड्राइव्ह बग्यांच्या पुढच्या चाकांत हब नसतो, रिममध्येच बेअरिंग बसतं. अशा गाडीला क्रॉलरची रिम थेट बसत नाही, पुढचा अ‍ॅक्सलही बदलावा लागतो.

टायरच्या आतला फोम मऊ घ्या. खऱ्या गाड्या वाळूत हवा कमी करून चालतात, टायर तळाशी थोडा दबलेला दिसतो. मॉडेलचा टायर तळाशी २ ते ३ मिमी दबला की फोटोतलं वजन लगेच खरं वाटायला लागतं. फोम सैल पडला तर मात्र वेगात टायर फुगतो आणि कडेवरून सुटतो.

गाडी बसली पाहिजे

खोक्यातून काढलेली बगी बहुधा टाचा उंचावून उभी असते: स्प्रिंग कडक, शॉक पूर्ण उघडे. खरी गाडी स्वतःच्या वजनाने खाली बसलेली असते, म्हणजे चाक खड्ड्यात उतरलं तरी जमीन सोडत नाही.

बॅटरीसकट गाडी १५ सेंमीवरून सपाट जमिनीवर सोडा आणि ती स्थिरावल्यावर शॉक किती दबलाय ते मोजा. एकूण चाल २५ मिमी असेल तर ८ ते १० मिमी दबलेला हवा. नसेल तर शॉकवरची, स्प्रिंग दाबून धरणारी कॉलर सैल करा. ती पूर्ण सैल करूनही गाडी उंचच राहिली तर मऊ स्प्रिंग घ्या. मग तेल. ३० वेटपासून सुरुवात करा (वेट हे तेलाच्या जाडपणाचं माप; सीएसटी या दुसऱ्या मापात बऱ्याच कंपन्यांच्या मोजणीत हे ३५० च्या आसपास येतं). पुन्हा सोडून पाहा. गाडी एकदा खाली जाऊन वर येऊन थांबली तर ठीक. दोन-तीनदा हिंदकळली तर ५ वेट जाड तेल घाला. खाली जाऊन रेंगाळत वर आली तर तेल जास्त जाड आहे, आणि अशी गाडी लागोपाठच्या उंचवट्यांवर हळूहळू जमिनीला टेकते.

चाक जास्त खाली लोंबू दिलं की डॉगबोन शाफ्ट (चाकाला ताकद पोचवणारा, टोकांना गाठ असलेला दांडा) कपातून निसटतो. चाकं हवेत लटकवून शाफ्ट हाताने ओढून पाहा. निसटत असेल तर शॉकच्या आत, पिस्टनच्या खाली १ ते २ मिमीचा स्पेसर घालून चाल मर्यादित करा.

चाकांचा कलही गाडीप्रमाणे बदलतो. जुन्या बीटलला मागे स्विंग अ‍ॅक्सल होता. तिची बाहा बग उडी मारते तेव्हा मागची चाकं खालच्या बाजूने आत वळतात, आणि उंच केलेल्या गाडीत उभ्या अवस्थेतही हा कल थोडा दिसतो. शर्यतीच्या मॉडेलला दिलेला उणे २ अंशांचा कॅम्बर (चाकाची वरची बाजू आत झुकलेली) अशा गाडीवर खोटा दिसतो, तो शून्यावर आणा. सस्पेन्शनची नक्कल किती दूर नेता येते हे पाहायचं असेल तर तामिया या जपानी मॉडेल कंपनीची १९७९ सालची सँड स्कॉर्चर नजरेखालून घाला. पुढे बीटलसारख्या जोड-ट्रेलिंग आर्म (पुढच्या टोकाला अडकवलेले, मागच्या टोकाला चाक धरणारे दांडे), मागे सेमी-ट्रेलिंग आर्म आणि वर प्लॅस्टिकची घट्ट बॉडी असं हे मॉडेल २०१० मध्ये पुन्हा बाजारात आलं.

वेग: भागायचं दहाने नाही, वर्गमुळाने

‘खरी गाडी ताशी १०० किमी, म्हणून माझी १०’ हा हिशोब चुकीचा आहे. गुरुत्वाकर्षण मॉडेलसाठी लहान होत नाही. लांबी दहापट कमी झाली की पडण्याचा, उसळण्याचा वेळ १० च्या वर्गमुळाइतका, म्हणजे ३.१६ पटीने कमी होतो आणि वेगही तेवढ्यानेच भागायचा. खऱ्या ८० किमीला मॉडेलचे २५ किमी, १०० ला ३२. दोन्ही गाड्या सारख्याच ‘जड’ दिसतात त्या याच वेगाला. ताशी ६० किमीने पळणारी १:१० बगी प्रमाणात १९० ने चाललेली असते. डोळा ते मान्य करत नाही.

वेगवाढ मात्र दोन्हीकडे सारखीच हवी, आणि मॉडेल फसतं ते इथे. खरी बगी जागेवरून गोळीसारखी सुटत नाही. ब्रश मोटर वापरत असाल तर २७ किंवा ३५ टर्नची (तारेचे वेढे जास्त, मोटर संथ) घ्या. ब्रशलेस असेल तर स्पीड कंट्रोलरमधला पंच (सुरुवातीच्या झटक्याची सेटिंग) सर्वात कमी ठेवा आणि ट्रान्समीटरवर थ्रॉटलचं टोक ५० ते ६० टक्क्यांवर आणा. ड्रॅग ब्रेक (थ्रॉटल सोडताच आपोआप लागणारा ब्रेक) शून्य ठेवा, नाहीतर बोट उचलताच गाडी नाक खाली करून थांबते. स्टिअरिंगला २० ते ३० टक्के एक्स्पो द्या, म्हणजे मध्याजवळ चाकं हळू वळतात (काही ट्रान्समीटरवर हा आकडा उणे असतो). ट्रान्समीटरमध्ये सर्व्होचा (स्टिअरिंग वळवणाऱ्या मोटरचा) वेग कमी करण्याची सोय असेल तर तीही वापरा, कारण एका झटक्यात पूर्ण वळलेली पुढची चाकं खऱ्या गाडीला कधीच दिसत नाहीत.

वजनाचा हिशोब घनाने होतो. ८०० किलोची गाडी १:१० मध्ये ८०० ग्रॅमची व्हायला हवी. बॅटरी आणि मोटरसकट मॉडेल त्याच्या दुप्पट सहज भरतं. म्हणून ‘खरी वाटावी’ यासाठी शिशाची वजनं चिकटवण्यात अर्थ नाही. उलट वर जे काही लावाल ते हलकं लावा.

पिंजरा, चालक आणि स्क्रूची डोकी

खऱ्या रोल केजची मुख्य नळी ३८ ते ४४ मिमी व्यासाची असते, म्हणून मॉडेलला ४ मिमीची. आधाराच्या तिरक्या नळ्यांना ३ मिमी पुरे. फक्त मांडून ठेवायची बगी असेल तर स्टायरीन प्लॅस्टिकची कांडी चालते. पळवायची असेल तर पितळी नळी वापरा आणि सांधे चांदीच्या सोल्डरने जोडा. सांध्याच्या टोकाला गोल कानशीने खाच पाडा म्हणजे नळीवर नळी चपखल बसते. नुसतं टोकाला टोक लावून जोडलेला पिंजरा पहिल्या कोलांटीत सांध्यावरच तुटतो. पितळी नळी वाकवताना चेपते, म्हणून आधी तापवून मऊ करा किंवा आत बारीक कोरडी वाळू भरून दोन्ही टोकं बंद करून वाकवा. तापवणार असाल तर वाळू काढून मगच तापवा.

बाजारातल्या ६ इंची बाहुल्या साधारण १:१२ च्या असतात. १:१० च्या आसनात त्या थोड्या किरकोळ दिसतात, पण मोठं हेल्मेट आणि खांद्यावरचे पट्टे दिले की खपून जातात. चालक १:१० चा हवा असेल तर आसनापासून डोक्यापर्यंत ९ सेंमी धरा. स्टिअरिंग व्हील ३५ मिमीचं. पाय कापून टाका, आत ते दिसत नाहीत आणि त्यांची जागा बॅटरीला लागते. आतला भाग १ मिमी स्टायरीनचा करा, पण मोटरजवळ वारा यायला वाट ठेवा. चहूबाजूंनी बंद केलेल्या कॅबमध्ये मोटर आणि स्पीड कंट्रोलर दोन्ही तापतात.

एम३ (३ मिमी जाडीच्या) स्क्रूचं डोकं ५.५ मिमीचं असतं, म्हणजे खऱ्या गाडीवर साडेपाच सेंमीचा बोल्ट! बाहेरून दिसणारे असे स्क्रू शक्य तिथे खालून घाला, उरलेले काळे घ्या. शोभेचे बोल्ट एम१.६ चे लावा. बॉडी क्लिप आणि वर आलेले खांब तर सगळ्यात आधी काढायचे. त्याऐवजी बॉडीच्या आतून चुंबक किंवा वेल्क्रो लावा, पण उड्या मारणाऱ्या गाडीला नुसतं चुंबक पुरत नाही.

दिव्यांना उबदार पांढरे एलईडी वापरा, निळसर पांढरे जुन्या गाडीवर विजोड दिसतात. रिसीव्हरच्या ६ व्होल्टवर एका पांढऱ्या एलईडीला १५० ओहमचा रोध पुरतो.

रंग आणि धूळ

पारदर्शक पॉलिकार्बोनेट बॉडी आतून रंगवायची. भांड्यांच्या साबणाने धुवा, पूर्ण वाळवा, खिडक्यांवर मास्क लावा. पॉलिकार्बोनेटसाठीचाच स्प्रे घ्या. घट्ट प्लॅस्टिकचा लॅकर इथे मारला तर बॉडी लवचिक असल्याने तो पापुद्र्यांनी सुटतो. गडद रंग आधी, फिका नंतर, आणि शेवटी मागे पांढरा किंवा चंदेरी हात. प्रत्येक हात पातळ, २० ते २५ सेंमीवरून. एकदम जाड मारलं की रंग मास्कच्या कडेखाली झिरपतो. बाहेरचा संरक्षक पापुद्रा सगळ्यात शेवटी काढा.

अशा बॉडीची अडचण अशी की बाहेरची बाजू काचेसारखी चमकते. २००० नंबरच्या पॉलिश पेपरने पाण्यात हलकी घासा किंवा पॉलिकार्बोनेटला चालणारा मॅट क्लिअर मारा. शुद्ध काळा आणि शुद्ध पांढरा टाळा, गडद राखाडी आणि दुधाळ पांढरा लहान आकारात जास्त खरा दिसतो. मेटॅलिक रंगातली चमकी दहापट मोठी दिसते, म्हणून घ्यायचाच तर सर्वात बारीक कणांचा घ्या.

धुळीसाठी अंगणातली माती वापरू नका, तिचे कण प्रमाणात खड्यांएवढे होतात. पिग्मेंट पावडर मऊ ब्रशने चाकांच्या मागच्या बाजूंना, मागच्या पॅनलवर आणि सांध्यांत बसवा, आणि लांबून मॅट क्लिअरचा एक हलका हात द्या. तो जाड झाला तर पावडर विरून दिसेनाशी होते. पुढच्या काचेवर वायपरची अर्धवर्तुळं स्वच्छ ठेवा. पत्र्याचे टवके फक्त कडांवर आणि दगड लागतो तिथे पाडा. छपरावर उगाच पाडलेला गंज ओळखू येतो.

चित्रीकरण

कॅमेऱ्याची भिंग जमिनीपासून १२ ते १५ सेंमीवर ठेवा, ही रस्त्याकडेला उभ्या माणसाच्या छाती ते डोळ्यांची उंची झाली. व्हिडिओ १२० फ्रेमवर घ्या आणि संपादनात वेग ३२ टक्क्यांवर आणा, १:१० साठी हाच आकडा ३.१६ पटीच्या हिशोबात बसतो. १:८ ची गाडी असेल तर ३५ टक्के. पार्श्वभूमीला गवताची पाती आणि वाळलेली पानं नकोत, बारीक चाळलेली वाळू किंवा चिकणमातीचा उतार निवडा. वाळू उडताना चाकामागे जो पडदा दिसतो तो ओलसर वाळूत गोळे होऊन तुटतो, म्हणून वाळू पूर्ण कोरडी हवी. त्यानंतर बेअरिंग आणि शॉकचे दांडे ब्रशने साफ केल्याशिवाय गाडी पुन्हा पळवू नका.