अमेरिकी विद्यापीठांसाठी विद्यार्थी पाठवताय? या चुका टाळा

पुणे, नाशिक, नागपूरमध्ये अमेरिकी विद्यापीठांचे मेळावे भरतात, तेव्हा स्टॉलवर पहिला प्रश्न असतो तो ॲप्लिकेशन फी माफ आहे का, याचा. प्रतिनिधी हो म्हणतो, पोरं फॉर्म भरतात, संध्याकाळी अर्जांचा आकडा वर कळवला जातो. आपल्या धंद्यातल्या बहुतेक अडचणी इथूनच सुरू होतात. अर्ज आला, डिपॉझिट आलं की काम संपलं असं आपण धरून चालतो. माझ्या मते पहिल्या सेमिस्टरचा निकाल लागेपर्यंत भरती पूर्ण झाली असं म्हणूच नये. एजंट, कौन्सेलर, कॉलेजांचे परदेश-शिक्षण कक्ष आणि तिकडच्या इंटरनॅशनल ऑफिसांत काम करणारी आपली मराठी माणसं, या सगळ्यांसाठी हे लिहितो आहे.

एकूण आकड्यावर टार्गेट ठरवणं

अमेरिकेतल्या परदेशी विद्यार्थ्यांची दरवर्षी मोजदाद करणाऱ्या ओपन डोअर्स अहवालानुसार २०२४-२५ मध्ये अमेरिकेत ३,६३,०१९ भारतीय विद्यार्थी होते. आकडा तोवरचा विक्रमी होता, पण आत बघा. त्यातले सुमारे १ लाख ४४ हजार ओपीटीवर होते, म्हणजे शिक्षण संपवून नोकरीचा अनुभव घेणारे. पदव्युत्तर वर्गात शिकणाऱ्यांची संख्या त्याच वर्षी साडेनऊ टक्क्यांच्या आसपास घटली. जी विद्यापीठं एकूण आकडा पाहून 'भारत वाढतोय' म्हणतात आणि एजंटांची टार्गेटं चढवतात, ती मागच्या वर्षांच्या पिकावर पुढचा हिशेब मांडत असतात. वर २०२५ साली ऐन हंगामात, मे अखेरीपासून जूनच्या मध्यापर्यंत, विद्यार्थी व्हिसाच्या नव्या अपॉइंटमेंट थांबवल्या गेल्या होत्या. तेव्हा टार्गेट वर्गात बसलेल्या विद्यार्थ्यांवर ठरवा.

मार्कशीट वाचता न येणं

लक्षण: चांगल्या मुलांना नकार येतो. कारण अनेकदा साधं असतं. मुंबई किंवा पुणे विद्यापीठातले ६२ टक्के म्हणजे फर्स्ट क्लास. अमेरिकेतला नवखा अधिकारी ६२ पाहतो आणि मनात 'डी' ग्रेड लिहितो. दहापैकी सीजीपीएला ०.४ ने गुणून चारच्या पट्टीवर आणणं ही तशीच चूक, त्यातही मुलाचं नुकसानच होतं. विद्यापीठाची श्रेणी-पद्धत समजावणारं पत्रक अर्जासोबत जोडा, आणि वर्गात तो कितवा होता हे शिफारसपत्रात प्राध्यापकांना लिहायला सांगा.

याची दुसरी बाजू केटीची, म्हणजे नापास होऊन मागे राहिलेल्या विषयांची. 'दोन-तीन केटी आहेत, ट्रान्सक्रिप्टमध्ये कोण बघतंय' असं सांगणारे सल्लागार अजून भेटतात. बघतात. केटी असेल तर कारणासह आधीच लिहा. वायडी (इयर डाउन) लागून वर्ष गेलं असेल तर तेही. तीन वर्षांच्या बीकॉम-बीएस्सीवर मास्टर्सला प्रवेश देतात की नाही, हे मात्र फी भरण्याआधी त्या-त्या विभागाला ईमेलने विचारा. एकाच विद्यापीठात दोन विभागांची उत्तरं वेगळी असतात.

'स्पॉट ॲडमिशन'चा मोह

वेस्टर्न केंटकी युनिव्हर्सिटीचं २०१६ सालचं प्रकरण या क्षेत्रातल्या प्रत्येकाने लक्षात ठेवावं. 'जागेवर प्रवेश' आणि फीसवलतीच्या जाहिराती करून भारतातून संगणकशास्त्राच्या मास्टर्सला सुमारे ६० विद्यार्थी नेले गेले. पहिलं सेमिस्टर संपताना त्यांतल्या निदान २५ जणांना कोर्स सोडायला सांगितलं, कारण ते प्रवेशाच्या निकषांत बसत नव्हते. कर्ज काढून, विमानाचं तिकीट काढून गेलेल्या मुलांना हे तिथे पोहोचल्यावर कळलं! दोष नुसता एजंटाचा म्हणता येणार नाही. निकष पूर्ण नसताना ऑफर लेटरवर सही विद्यापीठानेच केली होती.

शिष्यवृत्तीचंही तेच. २०१८ मध्ये युनिव्हर्सिटी ऑफ टेक्सस ॲट टायलरने नेपाळच्या अनेक विद्यार्थ्यांना दिलेली पूर्ण शिष्यवृत्ती मागे घेतली, कारण पैशाच्या मानाने ऑफर जास्त वाटल्या गेल्या होत्या. एप्रिल उजाडला होता, मुलांनी बाकीची कॉलेजं नाकारून टाकली होती. अशी एक बातमी त्या मुलांच्या गावात पुढची कित्येक वर्षं बोलली जाते.

कमिशन लपवणं

अमेरिकेत प्रवेशसंख्येवर कमिशन द्यायला १९९२ पासून संघराज्य कायद्याने बंदी आहे, पण परदेशात राहणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांच्या भरतीला त्यातून सूट आहे. प्रवेश-सल्लागारांच्या एनएसीएसी या संघटनेने २०१३ मध्ये परदेशी भरतीत कमिशनला अटींसह मोकळीक दिली. म्हणजे कमिशन घेणं गैर नाही. ते पालकांपासून दडवणं गैर आहे. 'आम्ही फुकट सल्ला देतो' म्हणायचं आणि यादीत फक्त पैसे देणारी विद्यापीठं ठेवायची, हे पालकांच्या कधी ना कधी लक्षात येतंच.

याचा सर्वांत मोठा फटका गरीब घरातल्या हुशार मुलांना बसतो. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, आणि तिथे विद्यापीठाचं जागतिक क्रमवारीतलं स्थान महत्त्वाचं ठरतं. त्या वरच्या विद्यापीठांपैकी बरीच एजंटांना काहीच देत नाहीत, म्हणून कित्येक कौन्सेलर या योजनेचा उल्लेखसुद्धा करत नाहीत. मला हे अक्षम्य वाटतं. तुमच्या यादीत बसत नसेल तर मुलाला मुंबईच्या एज्युकेशन यूएसए केंद्राचा पत्ता द्या. अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या पाठबळावर चालणारं हे केंद्र कमिशनवर काम करत नाही.

विद्यापीठांनी करारात एक बदल करावा: कमिशनचा निम्मा तरी भाग दुसऱ्या सेमिस्टरची नोंदणी झाल्यावर द्यावा.

आय-२० वरचे महिने न वाचणं

आय-२० म्हणजे विद्यार्थी व्हिसासाठी विद्यापीठ देतं तो कागद. त्याच्या पहिल्या पानावर पैशांचे दोन रकाने असतात. डावीकडे अंदाजे खर्च: ट्यूशन, राहणं-खाणं, इतर. उजवीकडे तो पैसा कुठून येणार. या रकान्यांच्या डोक्यावर महिने लिहिलेले असतात, पुष्कळदा ९. पालक खालची बेरीज वाचतात, वरचे महिने कुणी वाचत नाही. समजा बेरीज ४० हजार डॉलर आहे. तेवढ्याचं कर्ज मंजूर करून, घर तारण ठेवून कुटुंब निर्धास्त होतं, आणि दुसऱ्या वर्षाची फी, उन्हाळ्याचे तीन महिने, डॉलरचा चढलेला भाव हे सगळं नंतर अंगावर येतं. कॅम्पसवर आठवड्याला २० तास काम करून फी निघत नाही, हेही स्पष्ट सांगायला हवं. पूर्ण कोर्सचा हिशेब मराठीत, रुपयांत, कागदावर मांडून आई-वडील दोघांनाही समोर बसवून समजवा. काही जण तिथेच माघार घेतील. घेऊ द्या.

त्याच कागदावर कोर्सचा सीआयपी कोडही, म्हणजे अभ्यासविषयाचा ठरलेला क्रमांकही असतो. ओपीटीचे १२ महिने सर्वांना मिळू शकतात, पुढचे २४ महिने फक्त स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग, गणित) यादीतल्या कोडला. नावात 'ॲनालिटिक्स' आहे म्हणून कोर्स स्टेममध्ये आहे असं समजू नका, कोड जुळवून पाहा.

पोहोचल्या-पोहोचल्या ट्रान्सफर

मुलं पहिल्या सेमिस्टरनंतर स्वस्त विद्यापीठात निघून जात असतील, तर खर्चाचं खरं चित्र आधी सांगितलं गेलेलं नाही, हे ओळखा. यात सर्वांत धोकादायक वळण म्हणजे वर्गात न जाता कागदोपत्री विद्यार्थी राहण्याचं. कॅलिफोर्नियातल्या ट्राय-व्हॅली विद्यापीठावर २०११ मध्ये छापा पडला, तेव्हा काही भारतीय मुलांच्या घोट्याला पाळत ठेवणारी यंत्रं बांधली गेली. त्या विद्यापीठाला आय-२० द्यायची परवानगी होती, त्यामुळे तेवढी परवानगी म्हणजे मान्यता नव्हे. मान्यता ॲक्रेडिटेशन संस्थेच्या नोंदीतून तपासा. मिशिगनमधलं फार्मिंग्टन विद्यापीठ तर सरकारी यंत्रणेनेच उभारलेला सापळा होता. २०१९ मध्ये त्यात विद्यार्थी गोळा करून देणारे ८ जण आरोपी झाले.

व्हिसा नाकारल्यावर गप्प बसणं

२१४(बी) या कलमाखाली व्हिसा नाकारल्याचा कागद हातात घेऊन मुंबईत बीकेसीतल्या अमेरिकी वकिलातीतून बाहेर पडलेल्या मुलाचा फोन उचलायलाच हवा. एकाच ऑफिसमधून गेलेली दहा मुलं तीच पाठ केलेली उत्तरं देत असतील तर अधिकाऱ्याच्या ते लक्षात येतं, म्हणून सराव घ्या पण वाक्यं देऊ नका. चार दिवसांसाठी उसना बँक बॅलन्स किंवा बनावट कागद तर अजिबात नको. खोटेपणा सिद्ध झाला तर अमेरिकेचं दार कायमचं बंद होऊ शकतं. नकार आला तर काय, हे ऑफर लेटरसोबतच लेखी द्या: डिपॉझिटपैकी किती परत मिळतं, कोणत्या कागदावर, किती दिवसांत, आणि पुढच्या सत्रासाठी प्रवेश पुढे ढकलता येतो का. परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीसाठी भरायची ३५० डॉलरची सेव्हिस फी परत मिळत नाही, पण १२ महिन्यांच्या आत त्याच प्रकारच्या व्हिसासाठी पुन्हा अर्ज केला तर ती नव्याने भरावी लागत नाही. जुनी पावती जपून ठेवायला सांगा.