स्पोर्ट्स कार घ्यावी की दमदार सेदान? हातात टेप घेऊन निर्णय कसा करावा

२०२४ साली भारतात दोन गाड्या अगदी एकाच भावाने आल्या. आधी नवी पोर्शे ९११ कॅरेरा आली, एक्स-शोरूम १.९९ कोटींना. मग नोव्हेंबरात बीएमडब्ल्यू एम५ आली, तीही १.९९ कोटींना. पहिली दोन दारांची, बुटकी, इंजिन मागे. दुसरी चार दारांची, पाच मीटरहून लांब, पुढे आठ सिलिंडरचं व्ही८ इंजिन आणि जोडीला बॅटरी. माझा मावसभाऊ या दोघींच्या मध्ये चार महिने अडकून पडला होता. रात्री दहाला फोन यायचा, आणि सकाळी मत पुन्हा फिरलेलं असायचं. शेवटी आम्ही दोन रविवार काढले आणि ठरवून, क्रमाने एकेक गोष्ट तपासली. तोच क्रम खाली देतो आहे. तुमचं बजेट याच्या निम्मं असेल किंवा गाड्या वेगळ्या असतील, तरी क्रम तोच राहतो.

पहिली पायरी: शून्य ते शंभरचा आकडा बाजूला ठेवा

बहुतेकांची चूक इथेच होते. कागदावर एम५ ३.५ सेकंदांत शंभर गाठते, ९११ कॅरेराला ४.१ सेकंद लागतात. म्हणजे चार माणसं आणि त्यांच्या बॅगा नेणारी सेदान सरळ रस्त्यावर स्पोर्ट्स कारला मागे टाकते. एम५ची ताकद ७२७ अश्वशक्ती आहे, ९११ची ३९४. आकड्यांवरच जायचं असेल तर विषय संपला.

पण वजन बघा. ९११ साधारण १५२० किलोंची आहे आणि एम५ जवळजवळ २४३५ किलोंची. फरक नऊशे किलोंचा, म्हणजे बारा-तेरा माणसांचा. सरळ रस्त्यावर ताकदीच्या जोरावर हे वजन लपतं. वळणावर लपत नाही. ब्रेक दाबला की ते पुढे झुकतं आणि स्टिअरिंग वळवलं की बाहेरच्या चाकांवर येतं. एम५चे अभियंते हे सगळं फार हुशारीने सांभाळतात, मागची चाकंसुद्धा थोडी वळतात. तरीही गाडी मोठी आहे हे हातांना कळतं.

आता आपल्या रस्त्यांवर या. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर घाटात गाड्यांना ताशी ६० किलोमीटरची मर्यादा आहे आणि सपाटीवर १०० ची. समृद्धी महामार्गावर १२०. एम५ची सगळी ताकद वापरायला इथे चार-पाच सेकंदांच्या वर जागाच नाही. उलट हलक्या गाडीचा आनंद ताशी ४० नेसुद्धा मिळतो, ताम्हिणीच्या एका वळणावर, कायदा न मोडता. स्पोर्ट्स कारचे पैसे आपण वेगासाठी मोजतो हा मोठा गैरसमज आहे. ते पैसे हातांना काय जाणवतं यासाठी असतात. सेदानचे पैसे मात्र लांब पल्ला न थकता, शांतपणे कापण्यासाठी. हे एकदा मनात पक्कं झालं की पुढच्या पायऱ्या सोप्या जातात.

दुसरी पायरी: घरचा रस्ता मोजा

शोरूमला जाण्याआधी पाच मीटरचा टेप, एक सरळ लाकडी पट्टी आणि मोबाईल घेऊन सोसायटीत उतरा. आम्ही रविवारी सकाळी सातला उतरलो तेव्हा वॉचमन काकांना वाटलं काही बांधकाम निघालंय. त्यांनीच मग पट्टीचं दुसरं टोक धरलं.

आधी पार्किंगची चौकट मोजा. पुष्कळ सोसायट्यांत ती अडीच मीटर बाय पाच मीटर असते. एम५ची लांबी ५.०९६ मीटर आहे आणि रुंदी आरसे सोडून १.९७ मीटर. म्हणजे तिचं नाक किंवा शेपूट रांगेच्या बाहेर येणार, आणि शेजारी खांब असेल तर दार अर्धंच उघडणार. ९११ साडेचार मीटरच्या जराशी वर आहे, रुंदी १.८५ मीटर. ती आरामात बसते. पण तिची दोन्ही दारं लांब असतात, त्यांना बाजूला जास्त जागा लागते. म्हणून नुसती चौकट मोजू नका, दार उघडून माणूस बाहेर येईल एवढी जागा मोजा.

पार्किंग यांत्रिक असेल, म्हणजे एकावर एक गाड्या उचलून ठेवणारं, तर त्यावरची पाटी शोधा. त्यावर वजनाची मर्यादा लिहिलेली असते. आमच्या भावाकडे ती दोन टन होती. म्हणजे एम५ तिथे चढवायचीच नाही, विषय कट. ही गोष्ट कुठल्याही शोरूममध्ये आम्हाला कुणी सांगितली नव्हती.

मग रॅम्प. बुटक्या स्पोर्ट्स कारचं नाक घासतं, लांब सेदानचं पोट घासतं. कारण साधं आहे. रॅम्प जिथे सुरू होतो त्या खालच्या कोपऱ्यात पुढचा बंपर आधी पोचतो, चाक नंतर. आणि रॅम्प जिथे संपतो त्या वरच्या कण्यावर पुढची चाकं ओलांडलेली असतात, मागची यायची असतात, आणि मधलं पोट लोंबकळत असतं. एम५च्या पुढच्या आणि मागच्या चाकांमध्ये तीन मीटरहून थोडं जास्त अंतर आहे, ९११मध्ये फक्त २.४५ मीटर. म्हणून कण्यावर ९११ सुटते आणि एम५ अडकण्याची भीती असते. खालच्या कोपऱ्यात नेमकं उलट. मोजायला सोपं आहे: कण्यावर पट्टी आडवी टेकवा, दोन्ही टोकांखाली सारखी जागा सोडा आणि त्या टोकांखालची उंची मोजा. उंची जितकी जास्त, तितका लांब गाडीला धोका जास्त.

रोजच्या वाटेवरचे स्पीड ब्रेकरही असेच. भारतीय रस्ते परिषदेच्या मानकाप्रमाणे गोल उंचवटा १० सेंटीमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असावा. तसा असेल तर दोन्ही गाड्या सावकाश निघतात. पण गल्लीतला, रातोरात डांबर ओतून केलेला, हातभर रुंदीचा उंचवटा कोणतंच मानक पाळत नाही. असे किती आहेत ते घर ते मुख्य रस्ता चालत जाऊन मोजा. आम्हाला सात सापडले, त्यातले दोन वाईट.

९११ घेत असाल तर पुढचं नाक साधारण चार सेंटीमीटर वर उचलणारी यंत्रणा मिळते. ती ऐच्छिक आहे आणि तिचे वेगळे पैसे पडतात. आपल्याकडे ती चैन धरू नका. इतर सगळ्या शोभेच्या वस्तू कापा, ही घ्या.

तिसरी पायरी: तीस दिवसांची वही

महिनाभर घरातली प्रत्येक फेरी लिहून काढा. गाडीत कोण होतं, किती लांब गेली, चालवलं कुणी, सामान किती, एवढंच. पुढे मी काय काय करीन हे लिहू नका. खरोखर जे झालं तेच लिहा.

सामानाचा हिशेब लगेच कळतो. एम५ची डिकी ४६६ लिटरची आहे, गावी जायच्या चार जणांच्या बॅगा जातात. ९११मध्ये बॉनेटखाली १३५ लिटर, म्हणजे दोन छोट्या बॅगा. बाकीचं सामान मागच्या सीटांच्या जागेत. त्या सीटांबद्दल एक लक्षात ठेवा: नव्या कॅरेरा कूपेत मागच्या सीटा मुळात नसतात, मागितल्या तर जादा पैसे न घेता मिळतात. लहान मुलं असतील तर बुकिंगच्या कागदावर त्या लिहून घ्या.

आणि घरच्या मोठ्या माणसांना प्रत्यक्ष बसवून बघा, विचारू नका. विचारलं तर सगळे ‘आम्हाला चालेल’ म्हणतात. मावशीला आम्ही ९११मध्ये बसवलं. आत जाणं जमलं. बाहेर येताना तिने एक हात दाराच्या चौकटीवर ठेवला, दुसरा माझ्या खांद्यावर, गुडघा वळवला आणि क्षणभर तशीच थांबली. चेहरा हसरा होता, पण खांद्यावरची बोटं घट्ट रुतली होती. सत्तरीतल्या बाईला ही गाडी रोज नको, हे त्या बोटांनी सांगितलं. एम५मध्ये ती सरळ बसली आणि सरळ उठली.

चौथी पायरी: पावसाळ्याचा विचार उन्हाळ्यातच

कॅरेराची ताकद फक्त मागच्या चाकांना जाते, एम५ची चारही चाकांना. ओल्या घाटात एम५ जास्त क्षमाशील आहे. ९११मध्ये मात्र एक सुंदर सोय आहे: पुढच्या चाकांवरच्या कमानीत आवाज टिपणारे सेन्सर असतात, चाकांनी उडवलेल्या पाण्याचा आवाज ओळखून गाडी चालकाला ओल्या रस्त्याचा मोड लावायला सुचवते. तरीही रुंद टायर साचलेल्या पाण्यावर तरंगतात, हे दोघींनाही लागू. नक्षी झिजली की टायर बदला, कायद्याच्या किमान मर्यादेपर्यंत वाट बघू नका.

तुंबलेल्या पाण्यातून यापैकी कुठलीच गाडी नेऊ नका. इंजिनात पाणी ओढलं गेलं तर साधा विमा बहुधा हात वर करतो. विम्यात इंजिन संरक्षण, झीरो डेप (म्हणजे सुट्या भागांची झीज न कापता भरपाई) आणि बीजकाची किंमत परत देणारं कलम, तिन्ही मागा. ९११मध्ये स्टेपनी नसते, पंक्चर भरायचं द्रव्य आणि छोटा पंप असतो. कोकणात रात्री जाणाऱ्याने हे आधीच ध्यानात घ्यावं.

पाचवी पायरी: ऑन-रोड आकडा लेखी घ्या

दोन्ही गाड्या तयार आयात होतात. महाराष्ट्रात आयात केलेल्या किंवा कंपनीच्या नावावर घेतलेल्या गाडीला २० टक्के वाहनकर (रोड टॅक्स) लागतो, आणि १ जुलै २०२५ पासून त्याची कमाल मर्यादा २० लाखांवरून ३० लाख झाली आहे. दोन कोटींच्या गाडीला ती मर्यादाच लागते. शिवाय दहा लाखांवरच्या गाडीला एक टक्का टीसीएस, म्हणजे विक्रेत्याने विकतानाच गोळा केलेला कर, तो आयकर विवरणपत्रात वळता होतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या गाड्यांवर उपकर जाऊन ४० टक्के जीएसटी आला आहे, त्यामुळे जुन्या भावांवर विसंबू नका.

बजेट निम्म्याहून कमी असेल तर बीएमडब्ल्यू एम३४०आय जरूर बघा. ती चेन्नईत जुळवली जाते म्हणून भाव आवाक्यात राहतो, आणि सहा सिलिंडरचं तिचं इंजिन फार गोड आहे.

सहावी पायरी: एकाच दिवशी दोन्ही चालवा

वेगवेगळ्या दिवशी चालवली की शेवटची आठवते आणि तीच आवडते. सकाळी एक, दुपारी दुसरी, रस्ता तोच. शोरूमचा नेहमीचा गुळगुळीत फेरा नम्रपणे नाकारा. तुमच्या सोसायटीचा रॅम्प, तुमची गल्ली, एक खराब पट्टा आणि एक वळणाचा रस्ता, एवढं मागा. पहिली दहा मिनिटं संगीत बंद ठेवा. मग दहा मिनिटं मागच्या सीटवर बसा आणि दुसऱ्याला चालवू द्या. सेदानची खरी परीक्षा तिथेच होते.

माझं मत विचाराल तर घरात एकच गाडी राहणार असेल, तर सेदान घ्या. दुसरा विचार करू नका. एम५ बॅटरीवर पहाटे आवाज न करता सोसायटीतून बाहेर पडते आणि घाटात व्ही८ जागं करते. असे दोन स्वभाव एका गाडीत क्वचित मिळतात. पण घरात माणसांची गाडी आधीच असेल, तर दुसरी तशीच आणू नका. तिथे हलकी, दोन दारांची गाडीच हवी.

भावाच्या वहीत तीस दिवसांत एकतीस फेऱ्या निघाल्या. त्यातल्या पंचवीस घरच्या इनोव्हाने झाल्या होत्या, मावशी आणि मुलांसकट. उरलेल्या सहा फेऱ्यांना तो एकटा होता, त्यातल्या चार रविवारी पहाटेच्या. वही बघून मावशीच म्हणाली, “अरे, माझी गाडी दारात उभी आहे. तू तुझी घे.”

त्याने ९११ घेतली, नाक उचलणाऱ्या यंत्रणेसकट. ती यंत्रणा जागा लक्षात ठेवते: रॅम्पच्या तोंडाशी गाडी उभी करून एकदा ठिकाण साठवलं, आता रोज संध्याकाळी गेटपाशी आली की नाक आपोआप वर होतं. वॉचमन काका अजूनही दरवेळी वाकून खालची फट बघतात आणि मगच हात हलवतात.