जीडीआयची एमपीआय करण्याआधी

नैरोबीत जुनी जपानी मित्सुबिशी घेतली आणि तिचा हाय प्रेशर पंप गेला, की प्रत्येक मेकॅनिक एकच सांगतो: जीडीआय (पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारणारं इंजिन) काढा, एमपीआय (पेट्रोल सिलिंडरबाहेर, इनटेकमध्ये फवारणारं साधं इंजिन) बसवा. सल्ला बरोबर आहे. मीही ऐकला, पण तयारी अर्धवट केली आणि गाडी महिनाभर गॅरेजात अडकली. म्हणून किरिन्यागा रोडला, म्हणजे नैरोबीतल्या स्पेअर पार्टच्या बाजारात, सामान घ्यायला निघण्याआधी हे वाचा.

गाडी ऑटोमॅटिक असेल तर ईसीयूही (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) ऑटोमॅटिक गाडीचाच घ्या. या गाड्यांत बऱ्याचदा इंजिन आणि गिअर एकच ईसीयू सांभाळतो. मी मॅन्युअल गाडीचा उचलला. इंजिन पहिल्या स्टार्टरला लागलं, मी खूश. आणि गिअरबॉक्स तिसऱ्यातच अडकला. नैवाशाहून परतताना घाट चढताना काय हाल झाले ते मलाच माहीत. दुकानदार म्हणेल, "प्लग बसतो ना, मग चालतो." प्लग बसतो, गाडी चालत नाही! ईसीयूवरचा नंबर जुळवा, कोणत्या गाडीतून काढला ते विचारा.

जुन्या इंजिनावर नुसतं एमपीआयचं हेड (सिलिंडरवरचा वरचा भाग) बसवून भागवू नका. जीडीआयच्या पिस्टनच्या माथ्यावर पेट्रोलचा फवारा वळवायला खोलगट वाटी असते, शिवाय कॉम्प्रेशन रेशो १२ च्या घरात. साध्या पेट्रोलवर नॉकिंग होईल, म्हणजे पेट्रोल अवेळी पेटून इंजिन ठोकेल. अख्खं ४जी९३ (मित्सुबिशीचं १.८ लिटरचं) एमपीआय इंजिन घ्या: मॅनिफोल्ड, थ्रॉटल बॉडी, इंजेक्टर, सगळे सेन्सर त्यावरच असू द्या. वायरिंग मात्र न कापलेलं हवं, शेवटच्या प्लगपर्यंत. कापलेल्या वायरी जोडत बसलात तर दोष शोधता शोधता जीव जाईल. आणि वायरिंगही ऑटोमॅटिकचंच, ईसीयूसारखं.

जुनं इंजिन उघडताना जपा. हाय प्रेशर लाइनमध्ये ५० बारच्या आसपास दाब असतो, गरम इंजिनाची नळी सैल केलीत तर पेट्रोल तोंडावर येईल. रात्रभर थंड होऊ द्या. बॅटरी काढा, इंजेक्टरच्या ड्रायव्हरमध्ये (इंजेक्टर उघडणाऱ्या इलेक्ट्रॉनिक युनिटमध्ये) बॅटरीपेक्षा कितीतरी जास्त व्होल्टेज असतं.

पेट्रोलची रिटर्न नळी (उरलेलं पेट्रोल टाकीत परत नेणारी) जोडायला विसरू नका. एमपीआयच्या रेलवर (इंजेक्टरना पेट्रोल देणाऱ्या नळीवर) दाब ३ बारच्या आसपास लागतो, गेजने मोजा. टायमिंग बेल्ट, वॉटर पंप, सील: नवेच.

इंजिन नंबर बदलला, लॉगबुकात (गाडीच्या नोंदणीच्या कागदात) नोंद करून घ्या. ऑइल, कूलंट, स्टार्ट. लगेच गाडी बाहेर काढून चारही गिअर पडतात का बघा, मगच मेकॅनिकचे पैसे द्या. आणि ईसीयू? ऑटोमॅटिकचा.