सोलापुरात मंडळीच्या सेवाकार्यात उतरू इच्छिणाऱ्या तरुणांसाठी

मंडळीच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, तरुण संघात नव्याने आलेली मुले-मुली नाताळ जवळ आला की हमखास विचारतात, की आम्हालाही सेवा करायची आहे, तर सुरुवात कुठून करावी? सोलापुरात हे काम अनेक वर्षे करत आल्यामुळे माझे उत्तर ठरलेले आहे : वाटपाच्या आधी सोबत करायला शिका. ब्लँकेट, फळे किंवा शिधा वाटण्यात गैर काहीच नाही, परंतु वाटप अर्ध्या तासात उरकते आणि ज्याच्या हातात ती वस्तू पडली त्याचे नावही आपल्याला ठाऊक नसते. सरकारी रुग्णालयात एखाद्या माणसाबरोबर सकाळपासून दुपारपर्यंत थांबले, म्हणजे त्याचे घर, त्याची भाषा आणि त्याची खरी अडचण कळते, आणि पुढची मदत काय असावी हे त्यातूनच ठरते.

आमचे बरेचसे काम सिव्हिलमध्ये चालते. छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय हे त्याचे पूर्ण नाव असले, तरी गावात सगळे सिव्हिलच म्हणतात. शहरातील रुग्णांखेरीज अक्कलकोट, मंगळवेढा, धाराशिव या भागांतून आणि सीमेपलीकडच्या कर्नाटकातील खेड्यांतूनही येथे माणसे येतात. केसपेपर कुठे काढायचा, रक्त कुठे द्यायचे, एक्स-रेचा कागद घेऊन पुन्हा कोणाकडे जायचे, हे त्यांच्यापैकी अनेकांना माहीत नसते आणि विचारायचा संकोच वाटतो. नव्या स्वयंसेवकाने पहिले काही आठवडे एवढेच शिकावे : कोणती ओपीडी कोणत्या वारी असते, कोणता विभाग कोणत्या मजल्यावर आहे, वॉर्डातील सिस्टरांशी आणि मावशींशी त्यांच्या कामात अडथळा न आणता कसे बोलावे. औषधाबद्दल किंवा आजाराबद्दल आपले मत कधीही देऊ नये. ते डॉक्टरांचे काम आहे, आणि आपल्या शब्दावर विसंबून कोणी गोळी बंद केली तर त्याची भरपाई आपण करू शकत नाही.

मोफत उपचारांची सरकारी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना नीट समजून घ्यावी. ती 2012 मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने आठ जिल्ह्यांत प्रथम सुरू झाली, त्यांत सोलापूर होते. 2017 मध्ये तिचे नाव बदलले. योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्र, म्हणजे रुग्णांना योजनेसाठी मदत करणारा कर्मचारी, बसलेला असतो, त्याला शिधापत्रिका आणि ओळखपत्र दाखवावे लागते, आणि नेमके तेथेच घोडे अडते. शिधापत्रिकेवर लक्ष्मीबाई आणि आधारवर लक्ष्मव्वा, अशी नावे आमच्या भागात नेहमी सापडतात. प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी करून ठेवलेले ते कागद आजीबाई पदराआडून काढतात, तेव्हा घाई न करता एकेक कागद वाचावा, नावातील फरक वहीत टिपावा आणि तो कुठे दुरुस्त करायचा हे आरोग्यमित्राला विचारून घ्यावे. या एका कामासाठी पुढे दोन-तीन खेपा होतात. त्या खेपा हीच सेवा आहे, असे मी मनापासून मानते.

बायबलमधील लूकच्या शुभवर्तमानातील, लुटारूंनी मारून वाटेत टाकलेल्या माणसाला मदत करणाऱ्या चांगल्या शोमरोन्याची गोष्ट आपण शब्बाथशाळेपासून ऐकत आलो आहोत, परंतु तिचा शेवट आपल्या लक्षात राहत नाही. जखमा बांधून तो माणूस थांबला नाही. त्याने जखमीला उतारशाळेत नेले, दोन दिवसांच्या मजुरीइतके पैसे दिले आणि जास्त खर्च झाला तर परत येताना देईन असे सांगितले. म्हणजे पुढच्या देखभालीची व्यवस्था त्याने लावली. जखमीचा धर्म कोणता, हे त्याने विचारल्याचा उल्लेख तेथे नाही. म्हणून आमच्या संघात एक गोष्ट कडकपणे पाळली जाते : मदतीच्या बदल्यात कोणाला उपासनेला येण्याचे आमंत्रण द्यायचे नाही, वॉर्डात पत्रके वाटायची नाहीत. जो माणूस आपल्यावर अवलंबून आहे, त्याला आपल्याला नाही म्हणणे जड जाते, आणि त्याच्या त्या अवघडलेपणाचा फायदा घेणे ख्रिस्ताच्या नावाला शोभत नाही. कोणी आपण होऊन प्रार्थना करा म्हटले, तर हळू आवाजात, थोडक्यात करावी. आपण कोण, कुठून आलो, असे विचारल्यास खरे उत्तर द्यावे. लपवण्यासारखे त्यात काही नाही.

भाषेचा प्रश्न सोलापुरात टाळता येत नाही. पूर्व भागात यंत्रमागावर काम करणारी आणि विडी वळणारी असंख्य कुटुंबे घरात तेलुगू बोलतात, कित्येक घरांत कन्नड किंवा दखनी चालते. बायबलमधील प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या 6 व्या अध्यायात पहिल्या मंडळीतील एक तक्रार नोंदवलेली आहे : रोजच्या वाटणीत ग्रीक बोलणाऱ्या विधवांकडे दुर्लक्ष होत होते. त्यावर प्रेषितांनी रागावण्याऐवजी या कामासाठी सात माणसे निवडायला लावली, आणि त्या सातही जणांची नावे ग्रीक आहेत. हा अध्याय प्रत्येक नव्या स्वयंसेवकाला मी वाचायला सांगते. तेलुगू किंवा कन्नड येणारा एक तरी साथी बरोबर घ्यावा, आणि स्वतःही थोडे शिकावे. ‘एमैंदम्मा?’ किंवा ‘एनाय्तव्वा?’, म्हणजे तेलुगूत किंवा कन्नडमध्ये ‘काय झालं, बाई?’, असे कोणी विचारले, की सुपातील विडीवरून मान वर करून बाई बोलू लागते. विडी कामगाराचे ओळखपत्र असेल तर मुलांना केंद्र सरकारची शिष्यवृत्ती मिळू शकते. तो अर्ज ऑनलाइन भरायचा असतो आणि शिकलेल्या मुलाचा खरा उपयोग तेथे होतो.

पैशांचे व्यवहार एकट्याने करू नयेत. जमा आणि खर्च रोजच्या रोज वहीत लिहून दोघांनी सह्या कराव्यात आणि महिन्याला पाळकांपुढे (मंडळीच्या धर्मगुरूंपुढे) व कमिटीपुढे वही ठेवावी. करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या, बायबलमधील दुसऱ्या पत्रात प्रेषित पौलानेही गोळा केलेल्या दानाबाबत कोणी दोष देऊ नये म्हणून इतर बंधूंना बरोबर पाठवल्याचे म्हटले आहे. मदत घेणाऱ्याचे छायाचित्र काढून मोबाइलवर पाठवू नये.

काहींना यातून पुढे समाजकार्याचे शिक्षण घ्यावेसे वाटते, आणि घरचे विचारतात की यात नोकरी कुठे आहे? त्यांना सांगावे, की रुग्णालयांत, शाळांत आणि संस्थांत प्रशिक्षित समाजसेवकाची पदे असतात. ज्या अमेरिकन मराठी मिशनने सोलापुरातही काम केले, त्याच मिशनचे क्लिफर्ड मॅनशार्ट मुंबईत नागपाड्याच्या वस्तीत काम करत होते आणि 1936 मध्ये सुरू झालेल्या टाटांच्या समाजकार्य विद्यालयाचे, म्हणजे आजच्या टाटा समाजविज्ञान संस्थेचे, ते पहिले संचालक झाले. वस्तीतील कामातून अभ्यासक्रमाकडे जाण्याची ही वाट आपल्याकडे जुनीच आहे. प्रवेश घेण्याआधी किमान वर्षभर प्रत्यक्ष काम केले, तर वर्गातील विषय परके वाटत नाहीत.

सुरुवातीला आठवड्यातील एकच वार ठरवावा आणि तो मोडू नये. आपण येणार म्हणून कोणीतरी बाकावर वाट पाहत बसलेले असते. परीक्षेसाठी किंवा नोकरीसाठी काम सोडावे लागले, तर पाळकांना आधी कळवावे, रुग्णांची वही पुढच्या स्वयंसेवकाकडे सोपवावी, आणि ज्या घरांचे काम अर्धवट आहे त्या घरी दोघांनी मिळून एकदा जाऊन यावे.