स्तनाच्या कॅन्सरच्या रुग्णाला नेमकी कोणती माहिती हवी, हे कसं ओळखावं

"काही विचारायचंय का?" असं विचारलं की आपल्याकडची बाई "नाही" म्हणते. शंका ढीगभर असतात, पण डॉक्टरांपुढं, लेकापुढं, रांगेतल्या माणसांपुढं त्या तोंडातून निघत नाहीत. म्हणून सिस्टर, आशाताई किंवा समुपदेशक यांनी हा प्रश्न सोडूनच द्यावा.

ओपीडीच्या टेबलाशी बसू नका. दार लोटता येईल अशी खोली, वीस मिनिटं, आणि बोलणारी बाईच हवी. लेक कानाशी येऊन म्हणतो, "आईला कॅन्सर म्हणू नका, नुसती गाठ म्हणा." त्याच्याशी वाद घालू नका, पण खोटं बोलायचा शब्दही देऊ नका. त्याला थोडा वेळ बाहेर बसवा आणि तिलाच विचारा, "मावशी, आजाराचं सगळं तुम्हाला सांगू, का थोडं तुम्हाला नि बाकीचं लेकाला?" काहींना खरोखरच थोडंच ऐकायचं असतं. ते मान्य करा, पण पुढच्या खेपेला पुन्हा विचारा, कारण हे उत्तर बदलतं.

मग, "दवाखान्यात कशापायी आलात? आतापर्यंत काय काय सांगितलं?" ती बोलेल ते तिच्याच शब्दांत लिहा. जिथं ती अडखळते, तिथं माहिती कमी आहे. "सुई टोचली की गाठ पसरती" ही भीती मनात आहे का, ते आपणहून विचारून बघा. तुकडा तपासल्यानं कॅन्सर पसरत नाही हे न कळल्यामुळं तपासणी लांबते आणि गाठ वाढत राहते.

आता चित्रांची आठ कार्डं मांडा: आजार, तपासण्या, ऑपरेशन, केमो, शेक (रेडिएशन), खर्च-प्रवास, घर-शेतातलं काम, नवरा-लेकरं. हातात हरभऱ्याचे दहा दाणे द्या. जे आधी कळायला हवं त्यावर जास्त दाणे. सगळीकडं एकेक दाणा पडला तर खेळ समजलेला नाही. मग सगळ्यात आधी हवी ती तीन कार्डं बाजूला काढायला सांगा. दाणा ठेवण्याआधी ती दाराकडं बघत असेल, तर दार नीट लोटलंय का पाहा. शेवटच्या कार्डावर दाणे पडले तर घाई करू नका. "लेकीला पण होईल का?" हा प्रश्न बहुधा त्यामागं असतो.

खर्चावर दाणे पडले तर आधी खर्चाचंच बोला. महात्मा फुले जनआरोग्य योजनेसाठी रेशनकार्ड आणि आधार घेऊन दवाखान्यातल्या आरोग्यमित्राकडं (योजनेचं काम बघणाऱ्या माणसाकडं) पाठवा. ते मार्गी लागेपर्यंत बाकीचं कानात शिरत नाही. शेक बहुतेकदा काही आठवडे, आठवड्यातले पाच दिवस असतो. लातूर-धाराशिवहून बार्शीला किंवा हिंगोली-परभणीहून संभाजीनगरला जाणाऱ्या बाईला मुक्कामाचं आधी कळायला हवं. बीडची बाई "दसऱ्यानंतर ऊसतोडीला जाता येईल का?" असं विचारते. मुकादमाची उचल घेतलेली असते, म्हणून उपचाराच्या तारखा हीच तिची पहिली गरज.

काही गोष्टी मात्र दाण्यांवर सोडायच्या नाहीत. केमो चालू असताना ताप 100.4 फॅरनहाइट किंवा जास्त झाला, तर रात्र असली तरी दवाखाना गाठायचा. हे प्रत्येकीला सांगाच, आणि घरात थर्मामीटर आहे का तेही विचारा.

रिपोर्ट आल्यावर, ऑपरेशनआधी, पहिल्या केमोआधी आणि उपचार संपताना दाणे पुन्हा मांडा. टोरांटोला स्तनाच्या कॅन्सरसाठी बनलेली प्रश्नावली निदान, तपासण्या, उपचार, शरीर आणि मन-कुटुंब अशा पाच गटांत विचारते. शिकलेल्या बाईला ती मराठीतून देता येईल, पण कागद हातात देऊन निघून जाऊ नका. दाण्यांचा हिशोब फाइलच्या पहिल्या पानावर लिहा, म्हणजे ड्युटी बदलली तरी पुढच्या सिस्टरला कळेल.

सांगून झाल्यावर "समजलं का?" असं विचारू नका. "घरी जावेनं विचारलं तर तिला कसं सांगाल?" असं विचारा. हार्मोनच्या गोळ्या चालू झालेली बाई "बरं वाटेस्तोवर घ्यायच्या" म्हणाली, तर किमान पाच वर्षं घ्यायच्या ही गोष्ट पोहोचलेली नाही. वेगळ्या शब्दांत पुन्हा सांगा, आणि पुन्हा तिच्याच तोंडून ऐका.